नभोवहीतली ओळ ४१७०

‘आजच्या मानाने सदोष.’

प्रदर्शनातल्या काचेच्या पेटीवरच्या पाटीतले हे तीन शब्द हेमलता पोतनीस यांनी दोनदा वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. पेटीत त्यांच्या चार फ्लॉप्या होत्या. काळ्या, चौकोनी, पापडासारख्या लवणाऱ्या. शेजारी पिवळा पडलेला एक जुना पीसी होता. त्याची स्मृती आजच्या कपडे धुण्याच्या यंत्रापेक्षाही कमी. पाटीवर सुरुवातीला लिहिलं होतं : ‘नभोवही, १९८८. पीसीवर चालणारं नाविक पंचांग.’ तेवढं ठीक होतं. त्याखाली हा शेरा.

बाई शहात्तर वर्षांच्या होत्या. गुडघे गेले होते, यजमान गेले होते, मुलगा परदेशी गेला होता तो तिकडचाच झाला होता. पोतनीस बाईंचं गणित चुकत नाही, एवढा एक लौकिक राहिला होता, आणि आता तोही कुणीतरी छापील अक्षरांत काढून घेत होतं. लिफ्टची वाट न बघता त्या काठी टेकत जिना चढल्या आणि थेट संचालकांच्या खोलीत शिरल्या.

जयगडच्या खाडीवरच्या या सागरगणित केंद्राचा संचालक डॉ. इरफान मुकादम हा त्यांचाच विद्यार्थी. सत्तेचाळीस वर्षांचा, पण बाई आल्या की अजून उभा राहायचा. आजही राहिला.

“इरफान, खालची ती पाटी कुणी लिहिली?”

“मी लिहिली, बाई. बसा ना.”

“बसायला नाही आले मी. पन्नास वर्षांत एका खलाशाने तक्रार केली नाही, आणि माझाच विद्यार्थी मला सदोष ठरवतो? कुठे आहे दोष? दाखव.”

“शनी,” इरफान म्हणाला. “नऊ विकला चुकतोय.”

एका अंशाचे तीन हजार सहाशे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे विकला. नऊ विकलांनी जहाज काही खडकावर जात नाही. पण बाई बसल्या. नऊ हा आकडा त्यांना अर्ध्या मैलासारखा वाटला.

नभोवही म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. उपग्रह सर्रास वाट दाखवू लागण्यापूर्वी खलाशी कोनमापक, म्हणजे सेक्स्टंट, घेऊन डेकवर उभा राहायचा, एखाद्या ताऱ्याची किंवा ग्रहाची क्षितिजापासूनची उंची मोजायचा आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते काढायचा. त्यासाठी तो तारा त्या सेकंदाला आकाशात नेमका कुठे असायला हवा, हे आधी ठाऊक पाहिजे. ते एका जाडजूड पुस्तकात असे, आणि ते पुस्तक दरवर्षी नवं घ्यावं लागे. सव्वीस वर्षांच्या हेमलता पोतनीसने ठरवलं, की हे पुस्तक पीसीत घालायचं, आणि एका वर्षाचं नाही, साठ वर्षांचं. रत्नागिरीच्या नौगणित संस्थेत, पत्र्याच्या छपराखाली, एक पीसी एकोणीस दिवस सतत गणित करत होता. वीज कधी जाईल याचा नेम नसे. म्हणून दर दोन तासांनी गणित जिथे पोचलं असेल तिथली सगळी अवस्था फ्लॉपीवर उतरवायची. एकोणीस दिवस ती घरी फक्त आंघोळीला गेली.

“नभोवहीत चूक शक्य नाही,” बाई म्हणाल्या. “कारण तिच्यात चुकायला जागाच नाही. अठ्ठ्याऐंशी सालची प्रत्येक ग्रहाची जागा आणि वेग दिला, आणि तिथून पुढे फक्त गुरुत्वाकर्षणाचा नियम. पदरचं एक अक्षर नाही त्यात. हे मी तुम्हाला वर्गात शंभरदा सांगितलंय.”

“सांगितलंय,” इरफान म्हणाला. त्याने उठून दार लावून घेतलं. बाईंना ते आवडलं नाही. मृत्यूची बातमी सांगणारी माणसं अशी दार लावून घेतात.

त्याने भिंतीवरच्या पडद्यावर एक आलेख आणला. आडवी वर्षं, उभ्या विकला. नभोवहीतला शनी आणि आकाशातला शनी यांच्यातलं अंतर.

“बाई, तुम्ही सुरुवातीचा वेग किंचित चुकवला असता, तर ही फूट कशी वाढली असती?”

“हे तू मला विचारतोस? घड्याळ रोज एक मिनिट मागे पडत असेल, तर दहा दिवसांत दहा मिनिटं मागे पडतं. सरळ रेषेत.”

“आणि ही रेषा?”

बाईंनी पाहिलं. रेषा सरळ नव्हती. दोन हजार तीनपासून ती वर वळत होती आणि दर वर्षी जास्तच वळत होती.

“ही वाकतेय,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणजे काहीतरी ओढतंय. आणि ओढ वाढतेय.” मग लगेच, शिक्षिकेच्या आवाजात : “गुरू बघितलास?”

“गुरूची फूट कमी आहे. मंगळाची त्याहून कमी. सूर्यापासून जितकं लांब, तितकी जास्त. बाहेरून काहीतरी येत असेल तर व्हायला हवी तशीच.”

“मग तुमच्या नव्या पंचांगात हे दिसत कसं नाही? जगभरची केंद्रं झोपली आहेत का?”

इरफानने त्यांच्याकडे पाहिलं नाही. “आम्ही दरवर्षी बीज देतो, बाई.”

हा शब्द त्या दोघांच्या गुरुपरंपरेतला होता. जुने पंचांगकर्ते ग्रंथावरून गणित मांडत; काही पिढ्यांनी ग्रंथातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची फारकत होई. मग ते ग्रंथ मोडत नसत. गणितात एक छोटीशी दुरुस्ती मिळवत आणि पंचांग पुन्हा आकाशाशी जुळवून घेत. तोच बीजसंस्कार. नौगणित संस्थेचे प्रमुख काळसेकर साहेब पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले. त्यांनी हा शब्द संस्थेत आणला आणि तो तिथल्या बोलण्यात मुरला. आकाशातला वेध आणि कागदावरचं गणित किंचित जुळेनात, की एकमेकांना विचारायचं, “बीज दिलं का?” बाईंनी तो शब्द पुढे तीस वर्षं वर्गात शिकवला. इरफानच्या पिढीलाही तो आमटीत मीठ घालण्याइतका साधा वाटत होता.

“दर वर्षी शून्य दशांश दोन, शून्य दशांश चार विकला,” इरफान म्हणाला. “परवानगीची मर्यादा शून्य दशांश पाच. मर्यादेत आहे म्हटल्यावर कोण विचारतो? लघुग्रहांचं वजन थोडं इकडेतिकडे करायचं, बीज द्यायचं, सही करायची. आणि दर दहा वर्षांनी नव्या वेधांवरून गणित पहिल्यापासून मांडायचं, म्हणजे जुनं सगळं पुसलं जातं. बाहेरच्या केंद्रांतही हेच. शब्द त्यांचे वेगळे. मागच्या महिन्यात प्रदर्शनासाठी नभोवही आभासी यंत्रावर, म्हणजे आजच्या संगणकातच उभ्या केलेल्या जुन्या पीसीवर, चालवली, तेव्हा ही फूट दिसली. मी म्हटलं, जुनी फ्लॉपी, खराब झाली असेल. मग सहज आमची दोन हजार तीनपासूनची सगळी बीजं काढली आणि त्यांची बेरीज केली. आजवर कुणी केली नव्हती. तिचा बाक या रेषेच्या बाकाशी तंतोतंत जुळतो.”

बाईंनी चष्मा नीट करून रेषेकडे पुन्हा पाहिलं.

“पन्नास वर्षं कुणी हात न लावलेलं आकाशाचं गणित तुमच्याकडे आहे, बाई. त्या काचेच्या पेटीत.”

“काय येतंय?” बाईंनी विचारलं.

“दिसत नाही. कृष्णपिंड असावा, म्हणजे लहानसं कृष्णविवर. वजन सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. वेग इतका, की आणखी सव्वीस वर्षांत तो ग्रहांच्या घरात शिरेल. दोन हजार चौसष्ट. आदळणार नाही कशावर. आदळायची गरजही नाही. नुसता बाजूने गेला तरी पृथ्वीची वाट मोडेल. एक तर ती सूर्यापासून सुटेल आणि गोठेल, किंवा लांबट वाटेवर जाईल आणि वर्षातून एकदा भाजेल. झोया आत्ता सात वर्षांची आहे.”

झोया त्याची मुलगी. शाळेतून आली की बाईंच्या मांडीवर बसून कोनमापकाची दुर्बीण डोळ्याला लावायची. बाईंनी मनात हिशेब केला नाही. सव्वीस अधिक सात करायला त्यांचं मन होत नव्हतं, तो आपसूकच झाला.

“मग पाटीवर सदोष कशाला लिहिलंस?” त्यांनी विचारलं, आणि आता आवाजात राग नव्हता.

“कारण मला ते खरं असायला हवं होतं, बाई.”

खिडकीबाहेर खाडीत एक मचवा डिझेलचा धूर सोडत चालला होता. इरफानने आलेखाच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं.

“एकच आशा आहे. ही पहिली पंधरा वर्षं बघा. अठ्ठ्याऐंशी ते दोन हजार तीन. इथे फूट उलट्या बाजूला आहे. पिंड असता तर असं होणं शक्य नाही. या काळातली आमची बीजं नोंदवलेल्या वह्या संस्था रत्नागिरीहून इथे हलवताना गेल्या, म्हणजे इथे फक्त नभोवहीचीच साक्ष आहे. आणि साक्षीदार सुरुवातीलाच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळंच संशयात. वेधशाळेतले जुने कागद तपासायला सहा महिने लागतील. मी चार जणांना हे दाखवलं. चौघांचं म्हणणं एकच : बहुधा त्या जुन्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी घोळ आहे.”

पन्नास वर्षांत पोतनीस बाईंना असं कुणी म्हटलं असतं, तर त्याची धडगत नव्हती. आज त्यांनी त्या चौघांना मनोमन आशीर्वाद दिला.

“मला तीन दिवस दे,” त्या म्हणाल्या. “मी माझी चूक शोधते.”

नभोवहीचा मूळ मजकूर बाईंच्या ट्रंकेत होता. कडेला भोकं असलेल्या, घडीवर घडी पडणाऱ्या कागदावर, ठिपक्यांच्या छपाईत, सहा हजारांवर ओळी. केंद्राच्या वाचनालयातलं लांब टेबल त्यांनी अडवलं, आणि लाकडी पट्टी एकेका ओळीखाली धरत वाचायला सुरुवात केली. असंच त्या विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासायच्या, आणि चूक सापडली की लाल पेन्सिलने इतकं जोरात खूण करायच्या की कागद फाटायचा. आता त्या स्वतःचा कागद फाडायला बसल्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चूक सापडावी असं वाटत होतं, आणि ती सापडत नव्हती. पहिल्या दिवशी सोळाशे ओळी झाल्या. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी चौतीसशेपर्यंत. स्वच्छ. पूर्वी हे वाचताना आपल्या सव्वीस वर्षांच्या हाताचा त्यांना अभिमान वाटला असता. आता त्या त्या मुलीवर चिडत होत्या. कुठेतरी चुकली असशील की ग, एवढी कसली मेली हुशार!

दुपारी इरफान चहा घेऊन यायचा, काही न विचारता ठेवून जायचा. चहा गार व्हायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळच कुठे ढिला आहे का, ते शोधणं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पट्टी ओळ ४१७० वर आली.

बाईंनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. शनीच्या जागेत, दर वर्षाला, शून्य दशांश शून्य पाच विकला मिळवा. बस्स. नियम नाही, कारण नाही. नुसतं मिळवा. तिच्या खाली आणखी एक ओळ होती, पण त्या ठिकाणी छपाईची शाई इतकी विटली होती की अक्षर लागत नव्हतं.

आणि मग त्यांना ते आठवलं. फ्लॉप्या बंदरखात्याकडे जायला दोन दिवस उरले होते. शेवटची पडताळणी म्हणून तिने मागच्या दहा वर्षांचे वेध लावून पाहिले, तर शनी अर्ध्या विकलेने पुढे सरकत गेलेला. अर्धी विकला! ती काळसेकर साहेबांकडे गेली. म्हणाली, साहेब, पंधरा दिवस द्या, हे कशामुळे होतंय ते बघते. साहेबांनी पानाचा डबा बंद केला. “हेमाताई, बीज देऊन टाका. कप्तानाला ग्रह कुठे आहे ते हवं असतं. का आहे, हे विचारायला त्याला सवड नसते.” माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तिने जागेवर जाऊन बीज दिलं आणि विसरली. आमटीत घातलेलं मीठ कोण लक्षात ठेवतो? पुढे पन्नास वर्षं ती जगाला सांगत राहिली की नभोवहीत पदरचं एक अक्षर नाही.

बाई उठल्या. काठी टेबलाशीच राहिली. कागदांचा तो लांबलचक पट्टा छातीशी धरून त्या जवळजवळ धावत इरफानच्या खोलीत शिरल्या.

“चुकले रे! इरफान, मी चुकले! पदरचं घातलंय मी, हे बघ, एकेचाळीसशे सत्तर. मी बीज दिलंय आणि पन्नास वर्षं नाही म्हणून मिरवतेय. ती पाटी बरोबर आहे तुझी. सदोषच्या आधी ‘अत्यंत’ घाल. मोठ्या अक्षरांत घाल!”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. इरफानने त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. त्याने कागद घेतला, ओळ पाहिली आणि मटकन खुर्चीत बसला. “म्हणजे शनीला आपणच ढकलत होतो,” तो म्हणाला. “अल्लाह. म्हणजे काहीच नाहीये बाहेर.”

“काढ ती ओळ. आणि चालव पुन्हा.”

त्याने आभासी यंत्रावर फ्लॉपीतला मूळ मजकूर उघडला. ४१७० शोधली. पडद्यावर खालची ओळही स्पष्ट दिसत होती. त्याने ती मनातच वाचली. बाईंना एवढ्या लांबून पडदा वाचता येत नव्हता. त्याने ४१७० काढून टाकली आणि गणित सुरू केलं. ज्याला एकोणीस दिवस लागले होते, त्याला आता चार मिनिटं लागणार होती. त्या चार मिनिटांत बाईंनी गार चहासुद्धा मागवून घेतला आणि झोयाला या रविवारी कोनमापक द्यायचं कबूल केलं.

रेषा उमटू लागली. पहिली पंधरा वर्षं. तिथली उलटी फूट गेली होती. बाईंनी टाळी वाजवली. मग त्यांनी बघितलं, की ती फूट शून्यावर आलेली नाही. ती शून्याच्या वर, अगदी थोडी वर, वळत चालली होती. दोन हजार तीनला ती पुढच्या रेषेला येऊन मिळाली, सांधा न दिसता, आणि रेषा तशीच चढत गेली. दोन हजार अडतीस. साडेअकरा विकला. नऊ नव्हे.

ठरलेल्या मापाने रेषा वाकत नाही, हे तीन दिवसांपूर्वी इथेच बोलून झालं होतं; मघाशी दोघांनाही ते आठवायचं नव्हतं. दोघेही गणिती होते. समजावून सांगायला कुणी नको होतं. बाईंनी जे बीज दिलं होतं, ते त्या पिंडाच्याच ओढीचं होतं. अठ्ठ्याऐंशी साली, लांबून, त्याने शनीला जेवढं हलवलं, तेवढं त्यांनी गणितात घालून झाकलं. तेच ठरलेलं माप दर वर्षी मिळत राहिलं. सुरुवातीला ते खऱ्या ओढीपेक्षा जास्त पडलं, म्हणून रेषा उलट दिसली. पुढे ते कमी पडलं, म्हणून नऊच विकला दिसल्या. त्यांची चूक ही एकमेव शंका होती. चूक काढली, शंका गेली.

“वजन थोडं जास्त निघेल,” इरफान म्हणाला. “तारीख तीच.”

“अठ्ठ्याऐंशीत मी पंधरा दिवस मागितले होते.”

“बाई—”

“हट्ट धरला असता तर मिळाले असते. काळसेकर साहेब ओरडले असते, पण दिले असते. पंधरा दिवसांत मला कळलं असतं की ही ओढ आहे. किती वर्षं मिळाली असती, इरफान?”

इरफानने उत्तर टाळायचा प्रयत्न केला. बाई बघत राहिल्या. परीक्षेत बघायच्या तशा.

“शहात्तर.”

“माझं सगळं आयुष्य,” बाई म्हणाल्या. “एवढ्या काळात माणसं काय काय करू शकली असती. आणि मी एकटीच चुकले असते तर एक वेळ चाललं असतं. मी तीस वर्षं शिकवलं तुम्हाला. मर्यादेत असेल तर बीज द्या.”

“मी अकरा वर्षं सही केली आहे त्यावर,” इरफान म्हणाला. “मीही कधी विचारलं नाही.”

खाली प्रदर्शनात कुणीतरी पेट्या पुसत होतं, काचेवर फडकं फिरल्याचा आवाज येत होता. शाळेची बस फाटकाशी थांबली. झोया आता वर येईल, हे दोघांनाही कळलं, आणि इरफानने घाईने डोळे पुसले.

“पाटी बदलायला हवी,” तो म्हणाला. “काय लिहू? चूक तशी नव्हतीच, बाई. गणित बरोबर होतं तुमचं.”

“त्या ओळीखाली काहीतरी होतं. कागदावर विटलंय. तू मघाशी वाचलंस, मी बघितलं.”

“राहू दे ना.”

“वाच.”

तेव्हाच्या पीसीवर देवनागरी नव्हती. सव्वीस वर्षांच्या हेमलताने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, प्रोग्रॅममध्ये आपल्यापुरती टीप ठेवतात तसं. जिन्यावर झोयाची पावलं वाजू लागली होती. इरफानने हळू आवाजात वाचलं :

“‘तात्पुरतं बीज दिलं आहे. कारण नंतर पाहू. हे. पो.’”

“तेच लिही पाटीवर,” बाई म्हणाल्या, आणि दार उघडायला उठल्या.